पुण्याहून ताडोबा: सफारी ठरवताना सगळे विचारतात ते प्रश्न

दहावी-बारावीच्या परीक्षा संपत आल्या की माझा फोन वाजायला लागतो. "अरे, मे महिन्यात ताडोबा करायचं म्हणतोय, तू जाऊन आलायस ना?" मी वनखात्यात नाही, सहल कंपनीतही नाही. कोथरूडमध्ये राहतो आणि रजा मिळाली की विदर्भात पळतो, एवढंच. तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची लिहून काढली. इथून पुढे फोन आला की हेच पाठवणार आहे.

आधी काय काढायचं: रेल्वेची तिकिटं, हॉटेल की सफारी?

सफारी. मग राहायची जागा, मग रेल्वे. आपण नेमकं उलटं करतो. आधी "गाडी मिळतेय, काढून टाक" म्हणून तिकिटं काढतो, मग मेव्हण्याने सुचवलेलं रिसॉर्ट, आणि सगळ्यात शेवटी सफारी बघायला जातो तेव्हा त्या दिवसाच्या जागा केव्हाच गेलेल्या असतात. एका गेटमधून एका वेळी किती गाड्या सोडायच्या हे ठरलेलं असतं. रिसॉर्टं दरवर्षी वाढतात, आत जाणाऱ्या जिप्सी, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्या, त्या हिशोबाने वाढत नाहीत.

आणि मंगळवारी ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतलं राखीव जंगल, बंद असतो. सोम-मंगळ-बुध अशी रजा टाकून गेलेलं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. मंगळवार त्यांनी रिसॉर्टच्या तरणतलावात डुंबून काढला.

पण ताडोबाच का? पेंच, मेळघाट, सह्याद्री जवळ नाही का?

जवळ म्हणाल तर सह्याद्री. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्रप्रकल्प पुण्याहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. पण तिथे वाघ बघायला म्हणून जाऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातलीच एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. तिथे आत्ता कुठे पुन्हा बस्तान बसवणं सुरू आहे. सदाहरित जंगल, घाट, पक्षी, रानगवे यांसाठी जरूर जा.

मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. डोंगर, दऱ्या, दाट सागवान. मला स्वतःला सगळ्यात आवडणारं जंगल तेच, पण वाघ तिथे सहजासहजी नजरेला पडत नाही, आणि पहिल्यांदाच जाणारी माणसं हिरमुसतात. पेंचचं महाराष्ट्रातलं अंग नागपूरच्या उत्तरेला आहे, सिल्लारी आणि खुर्सापार ही त्याची माहितीतली गेटं. नागपूरला लग्नाला वगैरे जाणार असाल तर पेंच उत्तम.

ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प. बांबू, सागवान, ऐन, मोह, तेंदू असं पानगळीचं जंगल, बऱ्यापैकी सपाट, मधे मधे तळी आणि पाणवठे. उन्हाळ्यात पानं झडली की लांबवर दिसतं. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला, त्यातले बरेचसे विदर्भात आणि विशेषतः चंद्रपूरच्या बाजूला. पहिल्या खेपेला ताडोबा सुचवतो तो एवढ्याचसाठी.

कोअर की बफर?

कोअर म्हणजे आतलं सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं राखीव जंगल, तिथे आता वस्ती जवळपास नाही. बफर म्हणजे त्याभोवतीचा हजार-अकराशे चौरस किलोमीटरचा पट्टा, त्यात गावं, शेतं, गुरं, सगळं आहे. लोकांचा समज असा की कोअर म्हणजे पहिला वर्ग आणि बफर म्हणजे उभ्याने प्रवास. तसं नाही. वाघाला नकाशा दाखवलेला नसतो. आगरझरी, जुनोना, मदनापूर, अलिझंजा या बफर गेटांमधून मी वाघ पाहिलेत आणि कोअरमधून चार तास नुसती धूळ खाऊन परत आलोय. बफर स्वस्त पडतो, जागा मिळायला सोपा, आणि पावसाळ्यात कोअर बंद असताना त्याची काही गेटं चालू असतात.

बफरमध्ये फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. मार्च-एप्रिलच्या पहाटे बायका टोपल्या घेऊन मोहाच्या झाडाखाली वाकून फुलं वेचत असतात. आपण जिप्सीत सुरक्षित बसून ज्या वाघासाठी मान लांब करतो, त्याच वाघाच्या हद्दीत ती बाई पाठ करून वाकलेली असते. चंद्रपूरच्या पेपरात दर उन्हाळ्यात येणाऱ्या वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचल्या की "बफरमध्ये मजा नाही" असं म्हणवत नाही. गाईडला गावातली हकिगत विचारा. तो वाघाच्या कहाण्यांइतकंच ऐकण्यासारखं सांगतो.

गेट कोणतं घ्यावं?

यावर भांडणं होतात. कोअरची सहा गेटं: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली सोयीचं, साधारण तीस किलोमीटर. नागपूरकडून चिमूरमार्गे येणाऱ्याला कोलारा किंवा नवेगाव. पांगडी-झरी हा कोळसा नावाच्या वनपरिक्षेत्राकडचा कोपरा, गर्दी कमी आणि जंगल दाट.

"सध्या कोणत्या गेटला वाघ आहे?" हे विचारून काही साधत नाही, कारण तुम्ही बुकिंग कराल तेव्हाचा वाघ तुम्ही जाल तोवर तिथेच थांबेल याची हमी नाही. त्यापेक्षा राहायची जागा आणि गेट एकाच बाजूला आहेत ना, हे बघा. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. पहिल्या वेळी आम्ही मोहर्लीत खोल्या घेतल्या आणि जागा मिळाली म्हणून सफारी कोलाऱ्याची काढली. नकाशावर दोन्ही ताडोबाच. आतून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची सोय तुमच्यासाठी नसते, बाहेरून वळसा घालावा लागतो. तीन वाजता उठून, डिसेंबरच्या थंडीत, अनोळखी रस्त्याने दोन तास गाडी. गेटवर पोचलो तेव्हा आमची जिप्सी सोडून बाकी सगळ्या आत गेल्या होत्या आणि माझी बायको माझ्याशी बोलत नव्हती.

कोणत्या महिन्यात जावं?

वाघच बघायचा असेल तर एप्रिल-मे. पाणी आटतं, उरलेल्या पाणवठ्यांवर सगळ्यांना यावंच लागतं. पण चंद्रपूरचा मे म्हणजे काय, हे पुण्यात बसून कळत नाही. आपल्याकडे चाळीस झालं की बातमी होते. तिथे पंचेचाळीसच्या वर पारा जातो आणि दुपारची सफारी उघड्या जिप्सीत, अडीचच्या आसपास, म्हणजे बरोबर आपल्या वामकुक्षीच्या वेळेला सुरू होते. वारा येतो तोही भट्टीतला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जंगल देखणं असतं, पक्षी भरपूर, अंगाला हवा सोसते. गवत उंच असल्याने जनावर दहा फुटांवर असून दिसत नाही, हा त्यातला तोटा. फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चच्या मध्यापर्यंत मला सगळ्यात बरं वाटतं: पळस पेटलेला, पानं गळायला लागलेली, ऊन अजून सुसह्य. शाळा चालू असल्याने गर्दीही कमी. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद.

एक बारीकसं पण उपयोगी: चंद्रपूर पुण्याच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा वीस-बावीस मिनिटं आधी उगवतो. "सहा वाजता अंधारच असेल" हा पुणेरी अंदाज तिथे चालत नाही.

बुकिंग कसं करायचं? एजंट लागतो का?

नाही लागत. वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच करा. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना, ते डोळ्यांत तेल घालून बघा. दिसायला हुबेहूब अशी खासगी पानं खूप आहेत आणि त्यांवर पैसे जास्त जातात. खातं उघडा, गेट, तारीख, सकाळ की दुपार ते निवडा, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरा. जे ओळखपत्र भरलं तेच मूळ प्रतीत गेटवर न्यायचं. झेरॉक्स दाखवून वाद घालणारा एक तरी पुणेकर प्रत्येक गेटवर असतो. तो तुम्ही होऊ नका. जागा नावावर असतात, त्यामुळे मामेभावाच्या तिकिटावर मावसभाऊ घुसवता येत नाही.

एक सफारी पुरे ना?

नाही. एकच करायची असेल तर एवढ्या लांब जाऊच नका. तीन किंवा चार करा, सकाळच्या आणि दुपारच्या मिळून, शक्यतो दोनच गेटांमध्ये. पहिल्या सफारीत आपण नुसतेच वाघ शोधत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याच रस्त्याने जाताना कुठल्या वळणावर कोणतं पाणी आहे हे ओळखीचं होतं आणि मग जंगल दिसायला लागतं.

पुण्याहून जायचं कसं?

रेल्वेने नागपूर सगळ्यात सोपं. रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोचवणाऱ्या गाड्या आहेत. ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर) ते पुणे वंदे भारतही धावते, सुमारे बारा तास. सकाळी पुण्यात बसलं की संध्याकाळी अजनी. तिथून कोलारा किंवा मोहर्लीसाठी टॅक्सी, दोन ते तीन तास. पुणे-काझीपेट ही साप्ताहिक गाडी थेट चंद्रपूरला सोडते, पण तिच्या वाराशी आपली रजा जुळली पाहिजे. विमानाने नागपूर दीड तास.

स्वतःची गाडी असेल तर अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि पुढे समृद्धी महामार्ग, मग वर्ध्याच्या बाजूला उतरून ताडोबा. सातशेच्या वर किलोमीटर. समृद्धीवर दुचाकी चालत नाही. रस्ता इतका सरळ की झोप कधी लागली कळत नाही, म्हणून दोन चालक हवेतच. आणि गाडी घेऊन गेलात तरी कोअरमध्ये ती नेता येत नाही, ती गेटबाहेरच राहते.

खासगी बसने यवतमाळ-वणीमार्गे चंद्रपूर होतं. एकदा केलं. पुन्हा नाही.

खर्च किती येतो?

प्रवेश, जिप्सी आणि गाईड असे तीन भाग असतात. शनिवार-रविवार आणि सणासुदीला दर जास्त, कोअर बफरपेक्षा महाग. जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणून पूर्ण गाडी घेतली तर रकमेला सहाने भागा. चौघं असाल तर आणखी दोघं शोधा, माणशी खर्च तेवढ्यानेच एकतृतीयांश उतरतो. आमच्या प्रत्येक फेरीत राहण्यापेक्षा सफाऱ्यांनाच जास्त पैसे लागलेत. काटकसर करायची तर रिसॉर्टात करा. पहाटे पाचला बाहेर पडून दुपारी पुन्हा जाणार असाल, तर खोलीतल्या बाथटबचे पैसे कशाला भरायचे? मोहर्लीत एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवासस्थान आहे, गावांतून साध्या घरगुती सोयीही झाल्यात, आणि तिथली भाकरी-झुणका कोणत्याही बुफेपेक्षा सरस.

मोबाइल नेऊ देतात का?

नाही. कोअरमध्ये मोबाइल बंद, तो बाहेर ठेवूनच आत जायचं. हे ऐकून मुलांचा चेहरा पडतो, मोठ्यांचा जास्त. फोटो हवे असतील तर कॅमेरा घ्या. मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क लागतं का, ते बुकिंग करतानाच पाहून ठेवा. भाड्याने आणलेला कॅमेरा आदल्या दिवशी रिसॉर्टच्या अंगणातल्या सातभाई पक्ष्यांवर चालवून बघा. माझ्या साडूने झाकण न काढता वाघिणीचे चाळीस फोटो काढलेत.

कपडे, सामान?

मातकट, शेवाळी, खाकी. लाल-पिवळं आणि पांढरंशुभ्र नको. थंडीत पहाटे उघड्या जिप्सीत वारा हाडात शिरतो. स्वेटरवर विंडचीटर, कानटोपी, हातमोजे, आणि वर रिसॉर्टवाल्याकडून मागून घेतलेलं ब्लँकेट. लाज वाटून घेऊ नका, सगळे घेतात. नऊ वाजता हेच सगळं एकेक करून काढायचं असतं. उन्हाळ्यात सुती ओढणी किंवा पंचा ओला करून डोक्याला. मे महिन्यातल्या दुपारी त्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. अत्तर, परफ्यूम घरी. दुर्बीण असेल तर माणशी एक, नाहीतर भांडणं.

मधे स्वच्छतागृह असतं का?

ठरलेल्या एखाद्या ठिकाणीच. बाकी चार तास जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही. बायका हा प्रश्न हळू आवाजात विचारतात, मोठ्याने विचारा. गेटवर जाऊन या आणि पहाटेचा दुसरा चहा टाळा.

खायला नेलं तर चालतं का?

पाणी हवं. बाकी बाकरवडीचा पुडा पिशवीतच राहू द्या. प्लास्टिकची चुरचुर शांत जंगलात किती लांब जाते, ते तिथे गेल्यावर कळतं. माझ्या पुतणीने पहिल्यांदा हरणांचा कळप पाहून विचारलं होतं, "हे चितळ, म्हणजे चितळ्यांचे कोण?" त्यावर गाईडसकट सगळे इतके हसलो की कळप निघून गेला.

लहान मुलं आणि आजी-आजोबांना न्यावं का?

सहा-सात वर्षांपुढची मुलं मजेत राहतात. त्याहून लहान मूल चार तास गप्प बसेल अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर आणि गाडीतल्या इतरांवर अन्याय आहे. आजी-आजोबांच्या पाठीचा विचार करा: रस्ते कच्चे, मागच्या बाकाला हादरे जास्त. ज्यांना मणक्याचा त्रास आहे त्यांना पुढच्या बाकावर बसवा. कंबरपट्टा वापरत असतील तर तो सोबत हवा.

वाघ दिसेलच ना?

हा खरा प्रश्न, बाकीचे सगळे त्याच्या भोवतीचे. उत्तर: सांगता येत नाही. चार सफाऱ्यांत ताडोब्यात एकदा तरी दिसण्याचा योग चांगला असतो, पण मी पाच सफाऱ्या कोरड्या गेलेल्याही पाहिल्यात.

तो शोधतात कसा, हे कळलं तर मजा येते. गाईडचं लक्ष डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त असतं. झाडावरचं वानर खाकरलं, चितळाने तीक्ष्ण शीळ घातल्यासारखा आवाज दिला की गाडी थांबते. सांबर ‘पोंक’ करून ओरडलं तर गाईड सावरून बसतो, कारण सांबर उगीच ओरडत नाही. याला तिथे सगळे ‘कॉल’ म्हणतात. मग रस्त्याच्या धुळीत ठसे बघायचे: जिप्सीच्या चाकाच्या खुणेवर ठसा असेल तर तो गाडीनंतर गेलाय, ठशावर चाकाची खूण असेल तर आधी.

आणि थांबायचं. मला आठवणारी सगळ्यात चांगली भेट अशीच. एप्रिलची दुपार, पाणवठ्याकाठी इंजिन बंद करून बसलो होतो. बाकीच्या चार गाड्या कुठेतरी कॉल झाला म्हणून धुरळा उडवत गेल्या. आमचा गाईड, मोहर्लीजवळच्याच गावातला गोंड तरुण, म्हणाला, "बसू ना जी जरा." वीस-पंचवीस मिनिटं काही नाही, एक खंड्या तेवढा बुड्या मारतोय. मग बांबूतून ती आली, आमच्याकडे पाहिलंही नाही, पाण्याशी गेली, वळली आणि पाठमोरी, मागचे पाय आधी टाकत पाण्यात बसली. वाघ असे उलटे पाण्यात उतरतात, हे वाचून माहीत होतं. पाहिल्यावर मात्र एखादी आजी बादलीभर पाण्यात पाय सोडून बसावी तसं वाटलं.

म्हणून चालकाला "पळव, पळव" करू नका. रानकुत्र्यांची टोळी, अस्वल, रानगवा, तळ्यातली मगर हेही बघायला आलोय, हे गाईडला निघतानाच सांगा. तो खुलतो. ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या वाटेने गेलात तर रस्त्याकडेचे गोंडकालीन दगडी खांब विचारून बघा. त्यांतून दोर ओवून राजाच्या स्वारीची वर्दी द्यायचे, असं सांगतात. तलावाकाठी तारू या गोंड देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना गेलेला गावप्रमुख अशी त्याची कथा. ताडोबा हे नाव त्याच्यावरून.

वाघ जिप्सीवर आला तर?

बसून राहा. उभं राहू नका, हात बाहेर काढू नका, ओरडू नका. गाईड सांगेल ते ऐका.

गाईडला टीप द्यावी का?

द्यावी, आणि वाघ दिसला नाही तरी द्यावी. गाईड आणि चालक बहुतेक आसपासच्या गावांतलेच, महिला गाईडही आहेत. वाघाच्या बदल्यात बक्षीस असं समीकरण आपणच केलं, की तेही गाड्या दामटायला लागतात.

दोन सफाऱ्यांच्या मधला वेळ कसा काढायचा?

झोपा. खरंच. उरलाच तर वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. चंद्रपूर गावात गोंडराजांच्या किल्ल्याचा परकोट आणि महाकालीचं देऊळ आहे. परतताना सेवाग्राम वाटेत पडतं.

एवढ्या लांब जमणार नाही. पुण्याजवळ काही?

आहे, आणि आपण त्याकडे ढुंकून बघत नाही. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तिथे हमखास दिसतो. पहाटे लवकर जा, ऊन चढलं की ती सावलीला बसतात आणि मातीच्या रंगात मिसळून जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळविटांसाठी. इंदापूरचं कडबनवाडी आणि बारामतीकडचं शिर्सुफळ ही माळरानं लांडगा, खोकड, तरस यांची. तिथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे. "नुसता माळ तर आहे" असं म्हणणाऱ्याला एकदा तिथे पहाटे न्यावं. भीमाशंकरला शेकरू, आपला राज्यप्राणी, मान वर करून चालायची तयारी असेल तर.

जुन्नरच्या उसात बिबटे आहेत म्हणून रात्री गाड्या घेऊन टॉर्च मारत फिरणारे असतात. ते करू नका. तिथली माणसं आधीच जीव मुठीत धरून राहताहेत.

आणि हिवाळ्यात भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर डिसेंबरपासून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. होडीचा भाव बसायच्या आधी ठरवा, आणि "थवा उडवून दाखवतो, फोटो मस्त येतील" म्हणणाऱ्या नावाड्याला नको म्हणा.